इंग्रजीचा गृहपाठ मराठीच्या आधाराने: व्याकरण, उतारा आणि कविता

संध्याकाळी कुकरची दुसरी शिट्टी होते आणि मूल वही घेऊन ओट्याशी येऊन उभं राहतं, "आई, व्हॉइस म्हणजे काय गं?" महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांनी एबीसीडी गिरवली ती पाचवीत. त्यामुळे आपल्यातले कितीतरी जण "मला कुठे येतंय इंग्रजी, क्लासच्या बाईंना विचार" असं म्हणून वही परत करतात.

मी बरीच वर्षं घरी शिकवण्या घेते. पाचवी ते दहावीची, बहुतेक मराठी माध्यमाची मुलं येतात. त्यांच्या वह्या तपासून माझं एक मत पक्कं झालंय. मूल इंग्रजी वाक्यात चुकतं तेव्हा ते बहुतेकदा मराठीच्या नियमाने अगदी बरोबर असतं. शब्द इंग्रजी असतात, हाडं मराठीची. म्हणूनच चूक कुठे होणार हे ज्याला मराठी नीट येतं त्याला आधीच हेरता येतं. त्यासाठी फाडफाड इंग्रजी बोलता यायला हवं असं नाही. कर्ता, कर्म, क्रियापद ओळखता आलं तरी गृहपाठाचा मोठा भाग घरी उलगडतो.

सुरुवातीला दोन गोष्टी जवळ ठेवा. एक म्हणजे पाठ्यपुस्तक. हरवलं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ मोफत मिळते, पण उतरवून घेताना माध्यम नीट बघा, कारण मराठी आणि इंग्रजी माध्यमाची इंग्रजीची पुस्तकं वेगळी असतात. दुसरी म्हणजे शंभर पानी साधी वही. डाव्या पानावर मराठी वाक्य, उजव्या पानावर बरोबर इंग्रजी वाक्य आणि खाली एका ओळीत दोन्हींतला फरक. चुकलेलं वाक्य या वहीत लिहायचं नाही. डोळ्यांना बरोबर तेच दिसू दे. गाईड मात्र उत्तर लिहून झाल्यावरच उघडायचं.

क्रियापद उचलून कर्त्याशेजारी ठेवा

"मी रोज सकाळी दूध पितो." हे वाक्य मुलाला कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहायला सांगा, एका चिठ्ठीवर एक शब्द. मग "पितो" ही शेवटची चिठ्ठी उचलून "मी"च्या शेजारी ठेवायला लावा. मी, पितो, दूध, रोज सकाळी. आता फक्त शब्द बदलायचे: "आय ड्रिंक मिल्क एव्हरी मॉर्निंग." पाचवी-सहावीच्या मुलाला चिठ्ठ्या हाताने हलवायला दिल्या की आठवड्याभरात ही सवय लागते. नुसतं तोंडी सांगून लागत नाही, हे मी खूपदा पाहिलंय.

मराठीत "दूध मी पितो" म्हटलं तरी अर्थ तोच राहतो, कारण आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय नातं सांभाळतात. "वाघाने माणसाला मारलं" हे कसंही फिरवा, मारणारा वाघच. इंग्रजीत नामाला असे प्रत्यय नाहीत, तिथे जागा बोलते. "द टायगर किल्ड द मॅन" उलटं केलं की माणूस वाघाला मारतो. क्रमाला इतकं महत्त्व का, हे या एका उदाहरणाने मुलाला पटतं.

शब्दयोगी अव्ययांचंही तसंच. "टेबलावर" मध्ये "वर" नंतर येतं, इंग्रजीत "ऑन" आधी येतं. मोठ्या मुलांना इथे फार वेळ देऊ नका. वेळेसाठी एवढं पाठ असलं की पुरतं: घड्याळाच्या वेळेला ॲट, वाराला आणि तारखेला ऑन, महिन्याला आणि वर्षाला इन.

एस कुठे लावायचा

"माय ब्रदर प्ले क्रिकेट." हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक नव्या मुलाच्या वहीत सापडतं. मराठीत क्रियापद लिंगाप्रमाणे बदलतं, खेळतो आणि खेळते. इंग्रजीत हा भेद नाही, म्हणून मुलाला वाटतं की क्रियापद बदलतच नाही. पण साध्या वर्तमानकाळात तो, ती, ते किंवा कुठलंही एकवचनी नाव आलं की क्रियापदाला एस लागतो.

गोंधळ यामुळे वाढतो की नामाला एस लागला की अनेकवचन आणि क्रियापदाला लागला की एकवचन. मी मुलांना सांगते, वाक्यात एस एकच, तो कोणी घ्यायचा ते ठरवा. "द बॉय प्लेज" मध्ये क्रियापदाने घेतला, "द बॉइज प्ले" मध्ये नामाने घेतला. "चिल्ड्रन"सारखी, एस न लावताच अनेकवचनी असलेली नावं अपवाद, तिथे एस कोणालाच नाही: "द चिल्ड्रन प्ले."

हाच एस प्रश्नात "डू"कडे जातो आणि "डज" होतो. एकदा "डज"ने तो घेतला की क्रियापद मोकळं: "डज युवर ब्रदर प्ले?" भूतकाळात "डिड"ने भूतकाळ आपल्या अंगावर घेतला की क्रियापद पुन्हा मूळ रूपात येतं: "डिड ही गो?" "डिड ही वेंट" नाही. हे डोक्यात ठेवा, उताऱ्याच्या उत्तरांत ते पुन्हा लागणार आहे.

"गेलो होतो" हा सगळ्यात मोठा सापळा

इथे जरा थांबू या, कारण चांगले मार्क मिळवणारी मुलंही इथे अडतात.

आठवीतल्या एका मुलाने सुट्टीवरचा निबंध लिहून आणला होता. पहिलं वाक्य, "आय हॅड गॉन टु माय व्हिलेज इन मे." दुसऱ्यात "आय हॅड सीन", तिसऱ्यात "वी हॅड ईटन". पानभर तेच, आणि शाळेत प्रत्येकाभोवती लाल गोल झालेला. तो रडवेला होऊन म्हणाला, "काकू, गेलो होतो म्हणजे हॅड गॉनच ना?" त्याचं मराठी अगदी बरोबर होतं. आपण सहज म्हणतो, "मी मे महिन्यात गावाला गेलो होतो." मराठीत "गेलो होतो" म्हणजे जाऊन परत आलो, ती गोष्ट संपली.

इंग्रजीत त्या जागी नुसतं "वेंट" पुरतं: "आय वेंट टु माय व्हिलेज इन मे." "हॅड गॉन" लागतं ते भूतकाळात दोन गोष्टी असतील आणि त्यातली आधी कोणती घडली हे दाखवायचं असेल तेव्हा. "मी स्टँडवर पोचलो तेव्हा गाडी सुटली होती." पोचणं नंतरचं, सुटणं आधीचं. "व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट." म्हणून कसोटी एकच: कशाच्या आधी? "गेलो होतो" ऐकलं की मुलाला हा प्रश्न विचारा. उत्तर देता आलं तर हॅड, नाही तर साधा भूतकाळ. त्या मुलाने निबंधातलं प्रत्येक "हॅड" या प्रश्नाला लावून बघितलं. सतरापैकी एकच टिकलं.

असाच दुसरा सापळा "पासून"चा. "मी पाच वर्षांपासून इथे राहतो" आणि "मी २०२० पासून इथे राहतो", मराठीत दोन्हीकडे पासूनच. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला तर "सिन्स", मोजून काळ सांगितला तर "फॉर". सिन्स २०२०, फॉर फाइव्ह यीअर्स. आणि "राहतो" असलं तरी "आय लिव्ह" नाही, "आय हॅव लिव्ह्ड" किंवा "आय हॅव बीन लिव्हिंग", कारण काळ मागे सुरू होऊन आजपर्यंत आलाय.

"मी काल त्याला भेटलोय" हेही आपण बोलतो, पण इंग्रजीत "येस्टरडे" आलं की "हॅव" चालत नाही. काल, परवा, गेल्या वर्षी असा ठरलेला, संपलेला काळ आला की साधा भूतकाळ.

ए की ॲन, ते बाराखडीला विचारा

पुस्तकात लिहिलेलं असतं की स्वराच्या उच्चाराआधी ॲन. मुलं मात्र स्पेलिंगचं पहिलं अक्षर बघतात आणि फसतात. आपल्याकडे याची फार सोपी तपासणी आहे: तो शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर अ पासून औ पर्यंतच्या स्वरांतलं असेल, ॲ आणि ऑ धरून, तर ॲन. व्यंजन असेल तर ए.

अम्ब्रेला, पहिला अ, म्हणून ॲन अम्ब्रेला. युनिफॉर्म, पहिला य, म्हणून ए युनिफॉर्म, स्पेलिंग यू पासून असलं तरी. तासाला इंग्रजीत "अवर" म्हणतात, लिहिताना एच असला तरी उच्चारात अ, म्हणून ॲन अवर. "ऑनेस्ट मॅन"ला ॲन, "हाउस"ला ए. "वन-रुपी कॉइन"ला ए, कारण व. "एम.एल.ए."ला ॲन, कारण ए, "बी.ए. डिग्री"ला ए, कारण ब. आपली एस.टी. बससुद्धा ॲन एस.टी. बस. ही जी सोय देवनागरीत आहे ती इंग्रजी माध्यमाच्या मुलांना सहज सुचत नाही, हे मला प्रत्येक वेळी नव्याने सुखावतं.

"द" कधी? आजीच्या गोष्टीत उत्तर आहे. "एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या." पहिल्या वाक्यातला "एक" म्हणजे ए, दुसऱ्यातला "त्या" म्हणजे द. नामाआधी "तो, ती, ते" मनात लावून पाहा. ऐकणाऱ्याला कोणता ते कळत असेल तर द. सूर्य, चंद्र, आकाश एकेकच, त्यांनाही द.

व्हॉइस: कर्मणी प्रयोगाशी गल्लत नको

मराठीच्या तासाला मुलं कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकतात आणि त्याच वर्षी इंग्रजीत ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह. मग ती दोन्ही एकच समजतात. "रामाने आंबा खाल्ला" हा मराठीत कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालतं. कैरी असती तर "खाल्ली" झालं असतं. पण त्याचं इंग्रजी "राम एट ए मँगो" हे ॲक्टिव्हच आहे. पॅसिव्हचं मराठी "आंबा रामाकडून खाल्ला गेला" असं होतं. बोलताना आपण तसं क्वचित बोलतो, पण वहीपुरतं हे "गेला, गेली, गेले" फार उपयोगी पडतं. वाक्याला "गेलं" लावता आलं की पॅसिव्ह.

आता प्रत्यक्ष करून पाहू. "द गार्डनर वॉटर्स द प्लांट्स." आधी क्रियापदाखाली रेघ: वॉटर्स. मग विचारा, पाणी कोणाला घातलं जातं? झाडांना. ते कर्म. कर्म उचलून पुढे आणा: द प्लांट्स. मूळ वाक्याचा काळ वर्तमान आणि प्लांट्स अनेकवचनी, म्हणून "आर". क्रियापदाचं तिसरं रूप "वॉटर्ड". शेवटी बाय द गार्डनर. "द प्लांट्स आर वॉटर्ड बाय द गार्डनर." चूक सगळ्यात जास्त "आर"च्या जागी होते, कारण मुलं मूळ कर्त्याकडे, म्हणजे एकट्या माळ्याकडे बघून "इज" लिहितात. नव्या कर्त्याकडे बघायचं. आणि काळ मूळ वाक्याचाच ठेवायचा. तिसरं रूप दिसलं म्हणून वाक्य भूतकाळी होत नाही.

कर्म नसेल तर पॅसिव्हही नाही. "द बेबी स्लीप्स" बदलत बसू नका.

रिपोर्टेड स्पीच

मराठीत आपण म्हणतो, "तो म्हणाला की मी उद्या येईन." "की" आल्यावरही बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवायची आपल्याला मुभा आहे. इंग्रजीत "दॅट" लावून तसंच ठेवलं तर येणारा "मी" सांगणारा ठरतो. म्हणून "ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे."

मुलाला नियमांची यादी देण्याआधी एक प्रसंग द्या. मामाने सोमवारी फोनवर सांगितलं, "मी उद्या येईन." तू ते गुरुवारी मैत्रिणीला सांगतेस. मामा म्हणजे आता "तो". "उद्या" म्हणजे मंगळवार, तो केव्हाच गेला, म्हणून "दुसऱ्या दिवशी". "येईन" हेही मागे पडलं, म्हणून विल चं वुड. सर्वनाम, काळ आणि वेळेचा शब्द, तिन्ही का बदलतात ते या एका फोनमधून कळतं. सूर्य पूर्वेला उगवतो हे मात्र गुरुवारीही खरंच असतं, म्हणून असं त्रिकालाबाधित सत्य वर्तमानकाळातच ठेवतात.

प्रश्न आला तर प्रश्नचिन्ह जातं आणि शब्दांचा क्रम सरळ होतो. "व्हेअर डू यू लिव्ह?" चं "ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड." "डू" राहायला नको. हो-नाही उत्तराच्या प्रश्नाला "इफ" किंवा "व्हेदर", आज्ञेला "टोल्ड" आणि "टु". "टोल्ड"नंतर लगेच माणूस लागतो, हे वहीत एकदा लिहून ठेवा.

उतारा: उत्तर प्रश्नातूनच सुरू करा

उतारा वाचण्याआधी प्रश्न वाचायचे. मग उतारा एकदा सलग, मध्ये शब्दकोश न उघडता. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने टिंब. दुसऱ्या वाचनात त्यातले निम्मे शब्द पुढच्या-मागच्या वाक्यांतून उमगतात. उरलेल्यांचेच अर्थ शोधा.

उताऱ्यात समजा असं वाक्य आहे: "दोन वर्षं पाऊस नव्हता, आणि गोठ्यात वैरण न उरलेल्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने बाजारात बैल विकले." प्रश्न, "व्हाय डिड द फार्मर सेल हिज बुलॉक्स?" बहुतेक मुलं ते अख्खं लांब वाक्य उतरवून मोकळी होतात. त्याऐवजी प्रश्नातला "व्हाय" काढा, "डिड" काढा, आणि डिडने घेतलेला भूतकाळ क्रियापदाला परत करा: सेल चं सोल्ड. "द फार्मर सोल्ड हिज बुलॉक्स", हे उत्तराचं अर्धं वाक्य प्रश्नातूनच मिळालं. पुढे "बिकॉज ही हॅड नो फॉडर लेफ्ट." पूर्ण, शुद्ध आणि नेमकं. भीती वाटणाऱ्या मुलाला ही पद्धत फार धीर देते, कारण त्याला कोऱ्या ओळीकडे बघत बसावं लागत नाही.

"तुला काय वाटतं" असा प्रश्न असेल तर उत्तर उताऱ्यात शोधायचं नाही. आधी मुलाला मराठीत बोलू द्या, मनापासून. मग त्यातली दोन-तीन छोटी वाक्यं निवडून इंग्रजीत करा. गाईडमधल्या भारी शब्दांपेक्षा ती वाक्यं खरी असतात आणि तपासणाऱ्याला ते कळतं.

कविता

कवितेच्या रसग्रहणात मूल गाईडवर सगळ्यात जास्त विसंबतं, आणि त्याची गरज इथेच सगळ्यात कमी असते. मराठीच्या तासाला अलंकार, यमक शिकलेलं मूल निम्मी तयारी करूनच आलेलं असतं. मी सरावासाठी स्वतःच चार ओळी रचून देते:

द रेन केम डाउन ऑन अवर रूफ ऑफ टिन,
लाइक गेस्ट्स हू नॉक अँड देन वॉक इन.
द लॅम्प ब्लू आउट, द नाइट ग्रू डीप,
द वेल सँग ऑल ऑफ अस टु स्लीप.

पहिल्यांदा मोठ्याने वाचून घ्या, दोनदा. अर्थ विचारू नका. मग विचारा, काय दिसलं? मुलं सांगतात: पत्र्याचं घर, पाऊस, दिवा विझला, विहीर. एवढं चित्र दिसलं की अर्थाचं काम झालं.

मग यमक. ओळींचे शेवट देवनागरीत लिहा: टिन, इन, डीप, स्लीप. पहिल्या दोन जुळतात, त्यांना ए ए. पुढच्या दोन जुळतात, त्यांना बी बी. म्हणून यमकरचना एएबीबी. जुळणी कानाने ठरवायची. "लव्ह" आणि "मूव्ह" स्पेलिंगमध्ये सारखे दिसतात, देवनागरीत लिहिले की लगेच वेगळे पडतात.

आता अलंकार. पाऊस "लाइक गेस्ट्स", पाहुण्यांसारखा. "सारखा" म्हणजे उपमा, इंग्रजीत सिमिली. विहीर गाते, निर्जीव वस्तू माणसासारखी वागते, ही चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन. "रूफ" आणि "रेन" एकाच ओळीत, र पुन्हा येतो, तो अनुप्रास म्हणजे ॲलिटरेशन. रूपकाला मेटाफर, अतिशयोक्तीला हायपरबोली. ही जोड्यांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या. अलंकाराचं नुसतं नाव लिहून थांबू नका, कोणाला कोणासारखं म्हटलंय तेही एका वाक्यात लिहायला लावा: "द पोएट कम्पेअर्स द रेन टु गेस्ट्स."

मध्यवर्ती कल्पनेसाठी मुलाला विचारा, ही कविता ऐकून तुला भीती वाटली की बरं वाटलं? दिवा विझलाय, अंधार वाढलाय, तरी बरं वाटतं. का? सातवीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, पाऊस पाहुण्यासारखा आलाय ना, चोरासारखा नाही." मी तिला तेच इंग्रजीत लिहायला सांगितलं: "द रेन कम्स लाइक ए गेस्ट, नॉट लाइक ए थीफ, सो द पीपल इन द हाउस आर नॉट अफ्रेड." एवढं लिहिता आलं की रसग्रहणातला कठीण भाग संपला. उरतं कवीचं नाव, कवितेचं नाव, यमक आणि आवडलेली ओळ, ती पाच मिनिटांत भरून होतात.

रोज पाऊण तास पुरे. व्याकरणाचा एकच विषय एका दिवशी, त्याची दहा वाक्यं, त्यातली निदान तीन मुलाने स्वतःच्या घराबद्दल रचलेली. अडलं आणि तुम्हालाही उलगडलं नाही तर अंदाजाने उत्तर लिहून देऊ नका. ते वाक्य एका चिठ्ठीवर उतरवून कंपासपेटीत ठेवा आणि मुलाला सांगा, उद्या मधल्या सुट्टीत बाईंना दाखव आणि त्या काय म्हणाल्या ते संध्याकाळी मला शिकव.